वहीतला तिसरा रकाना

प्रा. उत्तम तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते संगणकाशी भांडत होते. मलकापुरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली, टेबलावर उघडी पडलेली सर्किटं, आणि सर पडद्याकडे बघून म्हणत होते, "काऊन बाबू, तुह्या देशात लाइन जात नाही म्हून आमच्या इकडं बी जात नसन का?" ते परदेशातल्या एका प्रोग्रामरला पत्र लिहीत होते. आधी मनातलं वऱ्हाडीत बोलून घ्यायचं आणि मग तेच सभ्य इंग्रजीत टंकायचं, ही त्यांची रीत मला नंतर कळली. मी डिप्लोमाची प्रमाणपत्रं फाइलमध्ये घालून सुलतानपूरहून एसटीने आले होते. सरांनी फाइल उघडलीच नाही. "बस इथं. हे पत्र वाच अन् कुठं जास्त तिखट झालं ते सांग," म्हणाले. मी भीत भीत दोन जागा दाखवल्या. एक त्यांनी बदलली, दुसरी मुद्दाम तशीच ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

सरांचं नेमकं काम काय, हे सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव समितीतल्या दोघांनी मला फोनवर विचारलं, म्हणून सोपं करून सांगते. कोणत्याही संगणकात किंवा फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. जगभरचे लोक मिळून जो एक खुला कर्नल लिहितात, त्यात सर अनेक वर्षं भर घालत आहेत. तो वाढला मोठ्या संगणकांसाठी, त्यामुळे डिस्क सांभाळण्याचा सगळा पसारा त्यात आलाच. पण सर बनवत ती नोंदी घेणारी यंत्रं तळहातावर मावणारी, मोजकीच मेमरी असलेली; आम्ही त्यांना डबी म्हणायचो. अशा डबीला डिस्कच नसते. तरी तो पसारा तिच्या बोकांडी बसायचा आणि कामाला जागा उरायची नाही. साठवणुकीचे हे भाग ऐच्छिक असावेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत, हा सरांचा आग्रह. "वावरात जाताना माणूस शिदोरी बांधते, सैपाकघर नाही बांधत," एवढ्यात ते विषय संपवत.

सरांच्या निवृत्तीनंतर त्या खोलीत आम्ही जे काम करत होतो, त्याची एक वही होती. कर्नलमधून काही कमी केलं की वहीत तीन रकाने भरायचे. काय काढलं, काऊन काढलं, कोणाले विचारलं. पहिले दोन रकाने मी झरझर भरत असे. तिसऱ्याचा मला कंटाळा यायचा. प्रोग्राम चालतोय ना, मग विचारायचं कोणाला, असं वाटायचं. सर मात्र त्या एका नावासाठी भर उन्हात मोटरसायकल काढून धामणगाव बढ्यापर्यंत जाऊन येत. "आपण काढतो ते कोणाच्या तरी हातातलं असते," म्हणत. तेव्हा मला हा म्हातारपणाचा छंद वाटायचा, हे आज कबूल करते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिते आहे, तो सांगते. सरांनी एका सरकारी आरोग्य केंद्रासाठी लसींच्या फ्रीजचं तापमान नोंदवणारी डबी बनवली होती. त्या फ्रीजची जबाबदारी सुनंदाताई नावाच्या परिचारिकेकडे होती. वीज गेली तरी डबी बॅटरीवर चालायची; तिच्यातल्या छोट्या कार्डावर तापमान साठायचं आणि फोनच्या नेटवर्कवरून आमच्याकडेही यायचं. पुढची डबी आणखी लहान चिपवर बसवायची होती. कर्नल काही केल्या मावेना. मी साठवणुकीचा अख्खा विभागच काढून टाकला. नेटवर्कवरून आकडे येतातच, मग कार्ड कशाला? कर्नल मावला, मी खूश झाले. वहीत तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, 'सुनंदाताई.' मी ताईंना भेटले होते, डबी लावून आले होते. पण हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता.

ही नवी डबी ताईंच्या केंद्रात बसली आणि पावसाळ्यात सलग दोन दिवस सुट्टी आली. त्या काळात वीज गेली, तिच्यासोबत मोबाइलचा टॉवरही गेला. सोमवारी लसींच्या बाटल्यांवरची उष्णता दाखवणारी खूण रंग बदललेली निघाली आणि लसी फेकाव्या लागल्या. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, वीज थोडाच वेळ गेली असणार, फ्रीजचं झाकण उघडं राहिलं असणार. ताई सांगत होत्या, झाकण मी सोता लावलं. त्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे सांगू शकणारी एकच वस्तू त्या खोलीत होती, आणि टॉवर गेल्यावर मोजलेलं ती सगळं विसरली होती. वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या कामावर बोट ठेवायला जागा नव्हती, त्या बाईवर निष्काळजीपणाचा ठपका बसायची वेळ आली.

सरांनी वही उघडली. माझ्या अक्षरातलं नाव वाचलं.

"ताईले विचारलं होतं?"

"नाही, सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चाल." केंद्रात त्यांनी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "साहेब, डबी आमची अन् चूकबी आमची. नोंद ठेवायचा भाग आम्ही काढला. या बाईले विचारायले आम्ही आलोच नाही." तसं त्यांनी लिहूनही दिलं. 'आम्ही' या शब्दाखाली मी उभी होते. पुढे वीज कंपनीकडून पुरवठा खंडित झाल्याच्या वेळा मागवण्यात आल्या, वीज तब्बल दीड दिवस नव्हती हे निघालं आणि ताईंवरचा ठपका टळला.

त्यानंतरचे सात-आठ महिने सर एकाच कामाला लागले. डिस्कचा पसारा आणि वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या, बोर्डावरच्या साध्या फ्लॅश चिपवर लिहिण्याचा भाग, हे दोन्ही कर्नलमध्ये एकमेकांत गुंतलेले होते. एक काढला की दुसराही जायचा. सरांनी तो गुंता एकेक धागा धरून सोडवला. "काढून टाकणं सोपं हाय. ज्याले पाहिजे त्याचं राहू देऊन, ज्याले नको त्याचं ओझं उतरवणं, हे खरं काम," असं मला म्हणाले. कर्नल सांभाळणाऱ्या मंडळींकडून त्यांचा बदल तीन वेळा परत आला. एकाने तर विचारलं, असल्या डब्या वापरतं तरी कोण? सरांनी त्या फ्रीजची हकिकत लिहून पाठवली, चौथ्या वेळी बदल स्वीकारला गेला. अडचण कोणी दाखवली, हे अशा बदलाखाली नोंदवायची पद्धत आहे. तिथे सुनंदाताईंचं नाव आहे, आणि ते घालण्याआधी सर त्यांना विचारून आले होते. चाचणी करणारी म्हणून माझंही नाव त्यांनी घातलं. त्या नावावर मला पुण्यातली पहिली नोकरी मिळाली. सरांचे उपकार फिटायचे नाहीत ते यामुळेही.

मात्र वहीत त्यांचं नाव मी न विचारताच लिहिलं होतं, हे ताईंना मी कधी सांगितलं नाही. बारा वर्षं गेली. सरांनीही एका शब्दाने विषय काढला नाही, मला वाटलं ते विसरले. हा लेख लिहायला बसले आणि ताईंच्या नावाशी येऊन हात अडला. या वेळी तरी विचारायला हवं होतं. गेल्या महिन्यात मलकापूरला ताईंच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले मालूम हाय, बाई. सर त्याच आठवड्यात सांगून गेले होते. म्हणले, पोरीनं तुमचं नाव न विचारता लिहिलं, पण ती सोता येऊन सांगीन, तुम्ही काही बोलू नका. मी तवापासून वाट पाहून राह्यली."

मला रडू आवरलं नाही. ताईंनी चहा ठेवला आणि लेखात नाव घालायला हो म्हणाल्या.

सर, तुम्हाला पंच्याहत्तरावं लागलं. माणूस एक दिवस आपणहून येईल, यावर एवढा भरवसा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. माझ्यासारखे उशिरा पोचणारे तुमचे आणखी विद्यार्थी वाटेत असतील. ते सगळे येऊन पोचेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा, आणि आम्ही सगळे फार सावकाश चालणारे आहोत.