शिट्टी कुणाची?

माझ्या खालूंइतके सामने हरलेला कोच अख्ख्या अरबस्तानात झाला नसेल, आणि इतके हरूनही 'आपण एकदाही हरलो नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस तर जगात दुसरा नसेल. खालू म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. दम्मामहून कतीफकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या कंपनीचा कँप होता. तिथे ते दिवसा एसी दुरुस्त करत आणि दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, आम्हा रत्नागिरी-रायगडच्या पोरांची बास्केटबॉल टीम बिघडवत. अधिकार म्हणाल तर रत्नागिरीला कॉलेजात असताना ते झोनलच्या संघात होते. म्हणजे संपूर्ण मोसम बाकावर होते. "खेळणाऱ्याला बॉल दिसतो, बाकावरच्याला खेळ दिसतो," असं ते म्हणत. त्यांना तो इतका दिसला होता, की खेळायची गरजच उरली नसावी.

त्यांचे डावपेच अत्यंत गुप्त असत, म्हणून ते मैदानाच्या कडेला उभं राहून जिवाच्या आकांताने ओरडून सांगत. आपली भाषा परक्यांना काय कळणार, हा हिशेब. 'पाग टाका' म्हटलं की मासे पकडायच्या जाळ्यासारखं पसरून आम्ही समोरच्याला रिंगखाली घेरायचं. युक्ती नामी होती. फक्त फिलिपिनो टीमचा कॅप्टन आमच्याच मेसमध्ये जेवायचा आणि आमच्यापेक्षा बरी कोकणी बोलायचा. 'पाग' ऐकलं की तो लांबूनच बॉल टाकी आणि जाता जाता खालूंना सलाम करी. खालूंनी डाव बदलला नाही. आवाज वाढवला.

हरल्यावर दोष रेफ्रीचा, हे ठरलेलंच. रेफ्री होते कँपचे सेफ्टी ऑफिसर, एक शांत मल्याळी गृहस्थ. त्यांच्या गळ्यात कायम एकच शिट्टी असे, कामावरही आणि मैदानावरही. समोरच्यांचा बॉल आत गेलेला खालूंना कधी दिसला नाही आणि आमचा बाहेर गेलेला कधी पटला नाही. एकदा तर समोरच्या उंच खेळाडूचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तपासा, एवढा लांब माणूस आपल्या कँपात भरतीच झालेला नाही, म्हणून त्यांनी अर्धा तास सामना अडवला. रेफ्रीसाहेबांनी इकामा पाहिला, परत केला आणि खालूंना टेक्निकल फाऊल दिला. त्या रात्री खालू नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त जेवले.

मग आखाती युद्ध सुरू झालं. ज्यांना जमलं ते जेद्दामार्गे घरी गेले. उरलेल्यांना कंपनीने गॅसचे मास्क दिले आणि कामावर पाठवलं. खाला, म्हणजे माझ्या मावशी, गावाहून फोनवर रडायच्या, निघून या म्हणायच्या. खालू त्यांना लीगचा पॉइंट टेबल समजावून सांगायचे. तसं कारणही होतं. फिलिपिनोंना हरवलं, तर आम्ही पहिल्यांदाच फायनलला जाणार होतो, आणि त्यांचे निम्मे खेळाडू मनिलाला गेले होते. पाहिजे तर याला खालूंची रणनीती म्हणा.

तो सामना शेवटाला आला तेव्हा आम्ही एकाच गुणाने मागे होतो. बॉल आमच्या दापोलीच्या इक्बालच्या हातात होता. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, साहेबांनी शिट्टी फुंकली आणि 'यल्ला, यल्ला' करत सगळ्यांना आत पिटाळलं. इक्बालने बॉल रिंगकडे भिरकावला आणि मागे न बघता धूम ठोकली. आम्हीही पळालो. खालू मात्र वर बघत तिथेच उभे. साहेब बिचारे परत गेले आणि रिंगकडे पाठ करून त्यांना दंडाला धरून ओढत घेऊन आले.

मेसच्या कोठीत, खिडक्यांना टेप लावून, तांदळाच्या पोत्यांवर आम्ही मास्क घालून बसलो. कोणी कलमा पुटपुटत होतं. खालूंनी मास्क वर केला आणि विचारलं, "साब, वो सीटी किसकी थी? रेफ्री की, या सेफ्टी की?"

साहेब म्हणाले, शिट्टी झाली म्हणजे खेळ थांबला. खालू म्हणाले, रेफ्रीची झाली तर. सेफ्टीवाल्याच्या शिट्टीने माणसं थांबतात, बॉल थांबत नाही. बाहेर आकाश फुटत होतं आणि आत हा वाद रंगला होता. हळूहळू सगळ्यांनी माना तिकडे वळवल्या. पुटपुटणारेही गप्प झाले. फिलिपिनो कॅप्टनसुद्धा मत देऊ लागला. शेवटी साहेबांनी स्वतःचा मास्क काढला आणि कबूल केलं, की ती शिट्टी सेफ्टीचीच. आयुष्यात पहिल्यांदा खालू रेफ्रीविरुद्ध जिंकले होते.

"तो बास्केट हुआ क्या?" साहेबांनी विचारलं. "आपने अकेले ने देखा है. आप जो बोलेगा, लिखेगा."

खालूंनी वर केलेला मास्क काढून पोत्यावर ठेवला. मग म्हणाले, "नहीं हुआ, साब. रिंग पे घूमा, और बाहर."

भोंगा थांबल्यावर बाहेर पडताना मी चिडून म्हटलं, हो म्हणायला काय गेलं असतं, कोणी पाहिलं होतं? खालू चालता चालता थांबले.

"खोटाच सांगायचा होता," ते म्हणाले, "तर येवढी वर्सा भांडलो कशाला?"

पुढच्याच आठवड्यात मैदानावर लष्कराच्या गाड्या उभ्या राहिल्या. साहेबांची बदली हुफूफला झाली, लीग मोडली, ती कायमची. आता खालू गावी असतात, एकटेच. खाला गेल्यापासून तर फारसं बोलतही नाहीत. मग मी फोन लावतो आणि म्हणतो, खालू, तो बॉल आत गेला असणार, तुम्हाला नीट दिसलं नसेल. त्यावर ते असे भडकतात, की घटकाभर मला बोलू देत नाहीत. मी फोन कानाला लावून नुसता ऐकत बसतो.