वरून टाकलेली गोळी

माझं पोट कधी दुखलं नाही. महिन्याचे ते तीन दिवस मी बाहेर बसायचे, मासिकं वाचायचे, आयतं जेवायचे आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचे. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि ते लिहितानाही आज मान खाली जाते. शरीराने जे फुकट दिलं त्याचं श्रेय मी स्वतःला देत होते आणि जिला ते मिळालं नाही तिला नाटकी ठरवत होते. ती म्हणजे माझी धाकटी बहीण.

साठच्या दशकाची ती मधली वर्षं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात कारकून होते आणि आम्हाला तिथेच सरकारी क्वार्टर मिळालं होतं. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली मराठी आमच्या घरात तमिळ हेल काढून बोलली जाई, आणि भाषेपेक्षाही जपून ठेवलेलं होतं ते सोवळं. सरकारने क्वार्टर बांधताना आमच्या सोवळ्याचा काही विचार केलेला नव्हता. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर व्हरांडा. त्या व्हरांड्यातच सरपणाच्या शेजारी चटई टाकून 'बाहेरची' बसायची. समोरून मागची गल्ली जायची, त्यामुळे आमच्या घरात कोण कधी बाहेर बसलंय हे पंजाबी, बंगाली, मल्याळी अशा सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक असे. मला त्याचं काही वाटत नसे. बहिणीला वाटे. ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

शाळेला मात्र सुट्टी नव्हती. आमचं सोवळं मागच्या दाराशी संपायचं. तिने व्हरांड्यातूनच परस्पर शाळेत जायचं, परत आली की पुन्हा चटईवर बसायचं. पण तिला जाता आलं तर ना. चौदाव्या वर्षापासून पहिल्या दिवशी तिच्या ओटीपोटात अशी कळ यायची की ती गुडघे छातीशी घेऊन आडवी पडायची. घाम यायचा, हातपाय गार पडायचे आणि मग वांत्या. पोटात काही नसलं तरी पिवळं पाणी पडायचं. अम्माने, म्हणजे आमच्या आईने, जे कोणीही केलं असतं ते सगळं केलं. ताकातून मेथ्या गिळायला दिल्या, ओव्याचं पाणी दिलं, सुंठीचा कढा दिला, बेंबीला एरंडेल चोळायला सांगितलं. चोळायचं तिचं तिनेच, कारण तिला शिवायचं नाही. कढा तर पोटात पाच मिनिटंही टिकत नसे.

शेवटी अम्मा तिला वसाहतीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. आठवड्यातून दोनदा तिथे एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी पोट तपासलं, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की काही बिघाड नाही, पण दुखणं खरं आहे, पोरीला दामटू नका. पांढऱ्या गोळ्यांची एक बाटली दिली. कळ वाढायची वाट पाहू नका, सुरू होतेय असं वाटताच इडलीचा तुकडा खाऊन एक गोळी घ्यायची, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. रबरी पिशवी विटाळेल म्हणून अम्माने गरम पाणी भरून शेकायला सोड्याची रिकामी बाटली दिली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. पण गोळी चालली. पहिल्याच महिन्यात बहीण दहा वाजता उठून शाळेत गेली. अम्माने देवापुढे साखर ठेवली.

आता त्या गोळीची रीत सांगायला हवी, कारण माझ्या हातून जे झालं ते त्या रीतीशिवाय होऊच शकलं नसतं. औषधाची बाटली घरातल्या फडताळात असायची. बाहेर बसलेलीने तिला हात लावायचा नाही, नाहीतर फडताळासकट सगळं धुवायला हवं. म्हणून घरातलीने गोळी काढायची, मागच्या दारात उभं राहायचं आणि खाली धरलेल्या ओंजळीत वरून टाकायची. पाणीही वरूनच. बहिणीला गोळी दिसायची, बाटली कधीच दिसायची नाही.

त्या वर्षी बहीण एस. एस. एल. सी.ला, म्हणजे मॅट्रिकला होती. तिला पुढे शिकून नर्स व्हायचं होतं. अप्पांची अट एवढीच होती की पहिल्या खेपेला पास झालीस तर बघू. आणि नेमक्या त्याच वर्षी जानेवारीत तंजावरला आजी पडली, तिचं मांडीचं हाड मोडलं, आणि अम्मा तिच्या सेवेला गेली. घर माझ्यावर आलं. मी वीस वर्षांची होते, शहरात एका कचेरीत टायपिस्ट होते. पहाटे उठून पाणी भरायचं, सांबार-भात करायचा, अप्पांचा डबा, माझा डबा, मग धावत स्टेशन. बहीण हाताशी असली की निभायचं. ती बाहेर बसली की तिचं सगळं काम माझ्या अंगावर, वर तिलाच जागेवर ताट. अप्पा एरवी कुणाशी दोन शब्द बोलत नसत, पण तिचं पोट दुखलं की कॉफीचा पेला स्वतः मागच्या दारापर्यंत घेऊन जात. मी तीन दिवस बाहेर बसले तेव्हा माझ्यासाठी कुणी असं उठलं नव्हतं. त्या दिवसांत अप्पांनी स्वतः केलेलं रसम मात्र मी निमूटपणे प्यायले होते, ते मी धरलं नाही. मला राग होता. कामाचा होता की कॉफीच्या पेल्याचा, ते मी तेव्हा तपासलं नाही.

त्या जानेवारीत तिला कळ सुरू झाली आणि तिने दारातून हाक मारली. मी फडताळ उघडलं. तिच्या बाटलीशेजारी दुसरी एक बाटली होती. अम्माच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, ती घ्यायला विसरायची त्या. त्याही पांढऱ्या, थोड्या जाड. माझ्या मनात आलं, बघू तरी खरं दुखतंय की सोंग आहे ते. मी कॅल्शियमची गोळी काढली आणि तिच्या ओंजळीत टाकली.

अर्ध्या तासाने तिने सांगितलं की थोडं कमी वाटतंय. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. चोर पकडला असं वाटलं मला. दिवसभर कचेरीत टाइप करताना माझी बोटं हलकी चालत होती. संध्याकाळी घरी आले तर ती चटईवर तशीच पडलेली, तोंडाशी तांब्या, शाळेत गेलेलीच नव्हती. मी म्हटलं, गोळी लागू पडली म्हणालीस ना? ती म्हणाली की आधी पडली होती, मग राहिली नाही. मला तेही सोंगच वाटलं.

फेब्रुवारीत पुन्हा तेच केलं. या वेळी तिने कमी झालं असं म्हटलंच नाही. दोनदा वांती झाली, तिसऱ्यांदा नुसत्या उबळी. तिने अजून एक गोळी मागितली, मी अजून एक टाकली, तीही कॅल्शियमचीच. मी दारात उभी होते, ती माझ्या पायांशी वाकलेली, तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. सोंग करणाऱ्या माणसाला घाम आणता येत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मला ते कळलंही होतं.

मग मार्चमध्ये तरी मी खरी गोळी का दिली नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की उत्तर गुळगुळीत झालंय. तरी सांगते. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी ती बाहेर बसली. मी फडताळापुढे उभी राहिले आणि खरी बाटली हातात घेतली. झाकणही फिरवलं. आणि वाटलं, ही दिली आणि हिला बरं वाटलं, तर गेले दोन महिने मी काय करत होते ते सिद्ध होईल. दुसऱ्या कुणापुढे नाही, माझ्यापुढेच. मी झाकण लावलं. दुसरी बाटली उघडली. गाडीची वेळ झाली होती, हेही आहे. पण गाडीची सबब मी त्या दिवशीसुद्धा स्वतःला नीट पटवू शकले नव्हते.

ती पेपरला गेली. तासाभराने वर्गातच वांती झाली, आणि पर्यवेक्षिका बाईंनी तिला रिक्षात घालून घरी पाठवलं. अर्धा पेपर कोरा. इतर विषयांत ती चांगली पास झाली, गणितात गेली. सप्टेंबरात पुन्हा बसून तो विषय सुटला, पण अप्पांची अट पहिल्या खेपेची होती. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त त्यानंतर नर्सिंगचा विषय घरात कुणी काढला नाही. माझ्याबद्दल ते तंजावरहून आलेल्या नातेवाइकांना सांगत, अम्मा नसताना पोरीने घर कसं सांभाळलं म्हणून. मी पदर सारखा करून खाली बघायचे. त्यांना तो विनय वाटायचा.

एप्रिलमध्ये अम्मा परतली. बहीण बाहेर बसली तशी अम्माने स्वतः फडताळातून बाटली काढली, खरी, आणि दारात गेली. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. बहीण चटईवरूनच बोलली.

"अम्मा, मज ती गोळी नक्को. मज ती चालत नाही."

अम्मा म्हणाली की असं कसं, आधी तर चालली होती. बहीण म्हणाली की आधी चालली, आता अंगाला सवय झाली असेल. तीन महिने घेऊन बघितली, पेपरलाही घेतली, उगीच काय घालायची पोटात. अम्माने माझ्याकडे पाहून विचारलं, दिलीस ना गं वेळेवर? मी म्हटलं, दिली. खोटं नव्हतं ते, एवढीच त्या उत्तराची लायकी होती. अम्माचा इंग्रजी औषधांवर फारसा विश्वास नव्हताच. तिने बाटली परत ठेवली, आणि पुढे कधीतरी जुनी झाली म्हणून ती टाकून दिली. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जायचा विषय दोनदा निघाला. दोन्ही वेळा बहिणीनेच नको म्हटलं. आपल्यावर औषध चालत नाही हे तिने आपला रंग किंवा उंची मान्य करावी तसं मान्य करून टाकलं होतं.

त्यानंतर दर महिन्याला मी दारातून पाणी वरून ओतत राहिले. एखाद्या वेळी तोंडाशी यायचं. पण आधी भीती होती, मग उशीर झाला होता, मग इतका उशीर झाला की सांगून काय उपयोग असं वाटायला लागलं. या तीन गोष्टींना मी तेव्हा वेगवेगळी नावं दिली होती. सगळी एकच होती.

चार वर्षांनी तिचं लग्न ठरलं, कुंभकोणमच्या एका शाळामास्तराशी. मुहूर्त काढायला बसल्यावर बायकांनी आधी तिच्या तारखा विचारल्या, पंचांग नंतर उघडलं. तिने तारखा सांगितल्या आणि हसत म्हणाली की तीन दिवस टाळालच, पण पहिला तर नक्कीच टाळा, तिथे माझं तोंड बघवणार नाही, नवऱ्यामुलाला पळून जायला नको. सगळ्या हसल्या. तिच्या सासरी मागे व्हरांडा आहे की काय आहे, तिथे तिला पाणी कोण देणार, हे मला माहीत नव्हतं. मला एकदम बसवेना.

त्याच दुपारी ती ट्रंकेत साड्या भरत होती आणि मी घड्या घालून देत होते. मी सांगितलं. सलग, एका दमात, तिच्याकडे न बघता. दोन बाटल्या, कॅल्शियम, जानेवारी, फेब्रुवारी, पेपरचा दिवस. ती गोळी तुला चालत होती, असं म्हटलं. तुझ्यावर औषध चालतं, सासरी गेल्यावर डॉक्टरला दाखव, असंही म्हटलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल, आणि मग मीही रडेन आणि ते संपेल. खरं तर त्यासाठीच मी ते सांगितलं असावं.

तिने हातातली साडी ट्रंकेत ठेवली. मग म्हणाली,

"किती महिने, अक्का?"

"तीन," मी म्हटलं.

"ते तीन मज ठाऊक आहेत. त्याच्या नंतरचे विचारते."

ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, एखादी खरीच माहिती हवी असल्यासारखी. मग मी एप्रिलपासून बोटांवर मोजायला लागले, एकेक महिना, एकेक वर्ष, आणि माझं मोजून होईपर्यंत ती समोर थांबून राहिली.