नाथाजी गुरवाचा कौल

माझे वडील नाथाजी गुरव यांनी आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि तीही त्यांना धड जमली नाही.

आमचं गाव तासगावहून सांगलीला जाणाऱ्या सडकेपासून दीड मैल आत. गावच्या भैरोबाची पूजा आमच्या घराकडे. आप्पा पहाटे विहिरीवर अंघोळ करून देवळात जायचे, पूजा आटोपली की दुपारभर ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसायचे. गावात त्यांचं कुणाशी कधी भांडण झालं नाही. भांडायला माणसाला स्वतःचं मत लागतं, आणि आप्पांना ते नव्हतं. काहीही विचारा, "देवाला इचारू" हे एकच उत्तर. विहीर कुठं खणायची, पोरगी कुठं द्यायची, पोरानं पलटणीत भरती व्हायचं की नाही, सगळं ते देवावर टाकून मोकळे व्हायचे. माझं विट्याचं स्थळसुद्धा असंच ठरलं. देवानं नवऱ्याचा स्वभाव काही तपासला नव्हता, पण ते असो.

विचारायची रीत अशी. कण्हेरीच्या दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवायच्या, एकेकदा झटकायच्या आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या. मग हात जोडून थांबायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर काम करावं, डावी पडली तर करू नये. पाकळ्या लावायच्या गुरवानंच, पण गाभाऱ्याचं दार उघडं ठेवून, चार माणसांसमक्ष. आणि एका कामाला एकच कौल, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

चव्वेचाळीस सालच्या चैत्रात मी माहेरपणाला आले होते. आल्याच्या चौथ्या दिवशी आई चुलीपुढं बसल्या बसल्या कोसळली. आईचं नाव रंगुबाई. तिच्या जांघेत कित्येक वर्षांपासून लिंबाएवढी गाठ होती. ती तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती आणि मलाही नाही. बाईमाणसानं असलं काही दाखवायचं असतं का, म्हणून लुगड्याखाली दाबून ती पाण्याच्या घागरी वाहत राहिली. आता गाठ दगडासारखी टणक झाली होती, पोट फुगलं होतं, आणि ती हिरवं ओकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी मला आत थांबवून घेतलं, आईला तपासलं आणि बाहेर येऊन आप्पांना म्हणाले, "आतडं गाठीत अडकून पिळलंय. आज दिवस मावळायच्या आत सांगलीला नेऊन ऑपरेशन केलं तर आशा आहे. उद्या नेऊ नका, उद्या उपयोग नाही."

लढाईमुळं पेट्रोलची टंचाई होती. सांगलीची सर्व्हिस मोटार दिवसातून एकच, आणि ती एक वाजता फाट्यावर यायची. लालासाहेब पाटलांनी न सांगता बैलगाडी जुंपायला लावली. आम्ही गाडीत गवत घातलं, वर वाकळ अंथरली. सगळी तयारी झाली, आणि आई म्हणाली, "कौल लावला का?"

आप्पांनी गाडीतली वाकळ पुन्हा सारखी केली.

"देवाला इचारल्याबिगर म्या गाडीत बसायची न्हाई. पोट फाडायचं म्हंजी काय पाटीभर शेण काडायचंय?"

"आये, मरशील गं," मी ओरडले.

"मरीन की. जल्मभर त्येच्या फुलांचं हार केलं, आन् आता त्येला सोडून डाक्टरला इचारू? आन् कौल चार मानसांत लावा. तुजं आप्पा एकटं गेलं तर बाहीर येऊन कायबी सांगत्याल."

म्हणजे तिनं आप्पांना ओळखलं होतं. मला राग आला, आईचा, देवाचा, त्या गाठीचा, सगळ्याचा. उचलून नेलं असतं, तर तिनं गाडीतून अंग टाकलं असतं. ती तसली बाई होती. आणि मी दिलेली लेक, माहेरात पाहुणी. माझ्या ओरडण्याला गावात काडीची किंमत नव्हती.

आप्पा देवळाकडं निघाले. शेजारणीला आईजवळ बसवून मी परसातल्या कण्हेरीची फुलं खुडली आणि मागोमाग गेले. पाटील होते, आणखी सहा-सात माणसं होती, आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून मनुबाई उभी होती.

मनुबाई तिथं दिसेल असं मला वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचा अर्जुना, एकोणीस वर्षांचा मुलगा, पोटदुखीनं गडबडा लोळत होता. तेव्हाही सांगलीला न्या असं लोक म्हणत होते. तिनं कौल लावायला सांगितला. आप्पांनी लावला, डावा आला. नेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला. मनुबाई आप्पांना एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवसापासून ती देवळाची पायरी चढली नव्हती. आज चढली होती.

आप्पांनीही तिला पाहिलं. मला वाटतं, त्यांची खरी कोंडी तिथं झाली. कौल न लावता ते बायकोला घेऊन गेले असते, तर या बाईच्या पोराला कशासाठी थांबवलं होतं? आणि लावला, आणि डावा आला, तर?

फुलं द्यायला मी उंबऱ्याशी वाकले होते, म्हणून मला दिसलं. आप्पांची पाठ सगळ्यांकडं होती. त्यांनी देवाच्या उजव्या खांद्याची पाकळी झटकली, धोतराला पुसली, जेमतेम ओली ठेवली. डाव्या खांद्याची झटकलीच नाही. पाण्यानं निथळती तशीच लावली. त्यांचा हिशेब सरळ होता. कमी ओली लवकर वाळून पडेल, जास्त ओली चिकटून राहील. चाळीस वर्षं देवाच्या अंगावर पाकळ्या लावणाऱ्या माणसाला एवढं तरी कळत असेल, असं मला वाटलं. मी मनात म्हणाले, शाबास आप्पा.

ते बाहेर आले, हात जोडून उभे राहिले. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. मी मनात आकडे मोजत होते. शंभर झाले नसतील, तोच डाव्या खांद्यावरच्या पाकळीखाली पाण्याचा थेंब जमला, जड झाला, आणि पाकळीला घेऊन खाली घसरला.

चाळीस वर्षांत लबाडी कधी केलीच नव्हती, तर जास्त पाण्यानं पाकळी घसरते हे त्यांना कळणार कुठून!

"डावा," कुणीतरी हळूच म्हणालं.

मला ओरडावंसं वाटत होतं, हा कौल धरू नका, यांनी लबाडी केलीय! पण मी तसं बोलले असते तर आप्पांना गावात तोंड राहिलं नसतं, आणि आईनं तर तेवढ्यावरूनच गाडीत पाय ठेवला नसता. बोलावं तर खड्डा, गप्प बसावं तर विहीर.

लालासाहेब पाटील पुढं आले. "नाथाजी, म्या कायबी बगितलं न्हाई. वैनीला उजवा सांगा आन् चला. साडेबारा झालं."

बाकीची माणसं जमिनीकडं बघत होती. मनुबाई मात्र आप्पांकडं बघत होती. मग ती काही न बोलता आमच्याआधी पायऱ्या उतरली आणि सरळ आमच्या घराच्या दिशेनं चालू लागली. आम्ही तिच्यामागं जवळजवळ धावतच निघालो. ती कशाला निघाली आहे, हे मला कळून चुकलं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते, आणि सगळं सांगून मोकळी झाले असते.

आम्ही पोचलो तेव्हा ती आईच्या उशाशी बसली होती. आईचे ओठ पांढरे पडले होते. आप्पा दारातूनच म्हणाले, "रंगू, उजवा दिला देवानं. चल, उठ."

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमचं तोंड आसं का झालंय?"

"धावत आलो."

"न्हाई. तुमच्यावर माजा इस्वास न्हाई." आणि तिनं मान वळवली. "मनुबाय, तू हुतीस न्हवं देवळात? तू मला खोटं सांगायची न्हाईस. तुजं काय अडलंय?"

आप्पांनी दाराची चौकट धरली. मी देवाला हात जोडले नाहीत, मी मनुबाईला जोडले, तिच्या पाठीमागं, तिला न दिसता. तिनं खरं सांगितलं असतं, तर तिचं काय चुकलं असतं? काहीच नाही. तिचा पोरगा तिनं त्या खऱ्यापायी घालवला होता.

मनुबाई आईच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत राहिली. टिपून झाल्यावर म्हणाली, "उजवा पडला बाय. म्या माज्या डोळ्यांनं बगितला. लय झ्याक पडला. ऊठ आता."

आईनं डोळे मिटले आणि हात वर केले, उचला म्हणून.

मोटार आम्ही गाठली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत थांबला होता. सांगलीत दिवेलागणीला ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून टाकलं. पहिले पाच दिवस आई जगते की जाते काही सांगता येत नव्हतं. सहाव्या दिवशी तिनं भाताची पेज मागितली आणि ती आळणी आहे म्हणून मला बोलली, तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले.

महिन्यानं तिला घरी आणलं. त्याच संध्याकाळी आप्पा मनुबाईच्या घरी निघाले. मला म्हणाले, "तू चल संगं." मनुबाई अंगणात जोंधळे पाखडत होती. आप्पा तिच्यापुढं उभे राहिले. म्हणाले, "मनुबाय, त्या दिवशी म्या पाकळ्या…"

"ठावं हाय," ती सूप न थांबवता म्हणाली. "पानी गळत हुतं, लांबनं दिसलं मला."

"मग तू खोटं का बोललीस?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"माज्या अर्जुनाच्या येळंला तुमी सारकंच पानी लावलं हुतं ना, गुरवदादा?"

"देवाशपथ. सारकंच."

"व्हय. त्येच मी दोन वरसं मनाशी म्हंते हाय," मनुबाई म्हणाली. "त्या दिशी माज्याशी खोटं बोलायला कुनी मिळालं न्हाई."

आप्पा तिथंच तिच्या अंगणात खाली बसले. तिनं सूप उचललं आणि ती पुन्हा जोंधळे पाखडू लागली.