ओटीतलं गाणं

नेरजवळच्या आमच्या गावात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा प्राणी एकच, रजत. मी त्याचा ड्रमवाला, म्हणजे गावाच्या हिशेबी वाया गेलेला दुसरा. त्याच्या पहिल्या अल्बममध्ये समुद्र होता, निळ्या डोळ्यांची कुणीतरी होती. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. त्याच्या आईनं, तानाबाईनं, दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "चांगलं हाय बापा, पन कोनाचं हाय?"

त्या प्रश्नानंतर पुढं कित्येक महिने त्यानं गिटारला हात लावला नाही.

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडल्या पडल्या, त्याला दुसरा अल्बम ऐकू आला. तानाबाई कापूस वेचता वेचता गुणगुणत होती. सगळं वावर पांढरं, ऊन मऊ, आणि तो सूर ओळीओळीनं पुढं सरकत होता. पण भाव पडले होते. त्याचे वडील विठ्ठलराव पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून पुढच्या साली सोयाबीन पेरणार होते.

"मंग हे गानं?" रजतनं विचारलं.

"सोयाबीनले गानं नसते," ती म्हणाली.

आम्ही तिला यवतमाळच्या स्टुडिओत नेलं. माईकपुढं ती मुकी. "रिकाम्या हातानं गानं कसं येईन? मले ओटी पायजे." रेकॉर्डिंगवाला भला माणूस, धावत जाऊन खण-नारळ घेऊन आला! तानाबाई हसून हसून खाली बसली. मग तिनं लुगड्याची झोळी कमरेला बांधून दाखवली. वेचलेला कापूस जिच्यात टाकतात, ती ओटी.

दुसऱ्या दिवशी रजत फुटलेल्या बोंडांच्या पराट्या पोतंभर घेऊन आला. तानाबाईनं डोळे मिटले. हात चालू लागले, आणि सूर आला. गिटार तिच्या मागून हळूहळू चालली. ड्रम मी वाजवलेच नाहीत, मला रडू येत होतं.

पुढच्या साली दसऱ्याच्या सुमारास त्याच वावरात बाया सोयाबीन कापत होत्या, तानाबाईही. रजतनं बांधावर त्या गाण्याचा टेप लावला. बायांचे विळे थांबले. तानाबाईचा हात आपोआप कमरेशी गेला, ओटी चाचपायला.

गाणं संपलं. रजत तिच्याकडं पाहत होता. या खेपेला तिनं कुणाचं आहे ते विचारलं नाही.

"पुन्ना लाव," ती म्हणाली.