वहिनीचा संशय आणि बहिरी ससाणा

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचलकरंजीत, माझ्या घरी होते. मिळेल त्या गाडीनं कळंब्याला पोचले. बायकांच्या घोळक्यात वहिनी भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे ठणठणीत. मी तिच्या गळ्यात पडायला गेले, तर तिनं मला बाजूला ओढलं आणि कानाशी म्हणाली, "तिला कळवलंसा का कुणी?" मी म्हटलं, "कुणाला गं?" "त्या बाईला. तिलाबी शेवटचं बघायचं आसंल की." माझ्या सख्ख्या भावाच्या मयतीत मी रडायचं सोडून दाराकडं बघायला लागले.

ही 'बाई' आमच्या घरात फार जुनी. आण्णा तालमीतला पैलवान, पोटासाठी दुधाची गाडी चालवायचा. पोरं लहान असताना एक हंगाम असा आला, की सुट्टी मिळाली रे मिळाली की हा "जोतिबाला जाऊन येतो" म्हणून सकाळी निघायचा आणि दिवेलागणीला उगवायचा. आता जोतिबाला जाऊन आलेला माणूस ओळखायला पंचांग लागत नाही. कपाळ, कान, कॉलर, सगळं गुलालानं माखलेलं असतं. आण्णाच्या अंगावर गुलालाचा कण नसायचा आणि टॉवेलला मात्र काजळ! वहिनीनं विचारलं, तर म्हणाला, "गाडीचं आईल आसंल." ऑईल आणि काजळ यातला फरक बायकांना कळत नाही असं समजणारा पुरुष एकतर भोळा असतो, नाहीतर बनेल. मी संशयी बाई, मी बनेल धरला. वहिनी भांडली नाही, माहेरी गेली नाही. पुढं जोतिबाच्या खेपा थांबल्या, पण ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची ती कामापुरतंच बोलत राहिली. "इस्तू इझला तरी राख ऱ्हातीच की," म्हणायची.

रक्षाविसर्जनाला मी राखेकडं कमी आणि आलेल्या बायकांच्या तोंडाकडं जास्त बघितलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. प्रत्येक अनोळखी म्हातारीवर माझी नजर. ही पुढं का येईना? ही पदर डोळ्याला का लावतीय? काही हाती लागलं नाही. आणि मग एका दुपारी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, पंचविशीतली एक मुलगी दारात आली. नात्यातली नाही, गल्लीतली नाही. आण्णाच्या फोटोसमोर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली... वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी वहिनीकडं. मग मी त्या पोरीचं नाक बघितलं, कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. आण्णाचं काही सापडतंय का ते शोधत होते, दुसरं काय!

"कुणाची गं तू?" मी जरा करड्या आवाजातच विचारलं. ती नाक पुसत म्हणाली, "काकी, मी बहिरी ससाण्याची फॅन."

म्हणजे आता ससाणा काय ते सांगायला हवं. त्या नावाची एक मालिका आण्णाची पोरं लहान असताना टीव्हीवर लागायची. बुरखा घातलेला वीर, गुंडांचा कर्दनकाळ वगैरे. चित्रीकरण आमच्याच भागात, जोतिबाच्या डोंगराच्या आसपास. दोन-अडीच महिन्यांतच ती गुंडाळली, कारण लोकांनी तिची टिंगल केली. ससाणा गुंडाला उचलून आपटायचा, पण गुंड जमिनीला लागायच्या आत त्याच्या डोक्याखाली स्वतःचा तळहात घालायचा. "मारतोय का पाळण्यात घालतोय?" असं आमच्या गल्लीतली पोरं म्हणायची. मीही दोन भाग बघून नाद सोडला. आता म्हणे कुणाकडं तरी जुन्या कॅसेट सापडल्या, आणि या पोरापोरींनी ती मालिका मोबाईलवर डोक्यावर घेतलीय. तो तळहात म्हणजे काळाच्या पुढची करुणा आहे, असं ती मुलगी अगदी मनापासून सांगत होती. मला वाटलं, ह्या घरातून हिला नक्की काय उकळायचंय?

"मालिकेच्या पाटीवर नाव एका नटाचं होतं," ती म्हणाली, "पण बुरख्यात ते नसायचे. पेपरातली निधनाची बातमी बघून त्यांनीच आम्हाला सांगितलं, की ससाणा म्हणजे हे पैलवान होते. नाव सांगायचं नाही अशी यांनी शपथ घातली होती म्हणून इतकी वर्षं ते गप्प राहिले."

वहिनी पहिल्यांदाच बोलली. "आणि काजाळ?"

"बुरख्याच्या भोकातून कातडी दिसू नये म्हणून डोळ्यांभोवती काळं लावायचे, काकी."

वहिनीनं तिच्या हातातून मालिका लावलेला मोबाईल घेतला आणि अगदी नाकाला लावला. ससाण्यानं माती उचलून कपाळाला लावली, शड्डू ठोकला, गुंडाला उचललं, आपटलं. डोक्याखाली हात गेला. "पोरं निजली की अशीच खाली ठेवायचं हे," वहिनी म्हणाली. "तालमीत बारक्या पोरास्नीबी असंच पाडायचं... लागू न्हाय म्हणून."

आण्णाचे तालमीतले जोडीदार बाबूभाई दाराशी मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "वैनी, मला ठावं हुतं." मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वस्तादांनी नुरा कुस्ती खेळणाऱ्याला, म्हणजे आधी ठरवून लुटुपुटूची लढत करणाऱ्याला, तालमीची पायरी बंद केली होती. आणि क्यामेऱ्यासमोर ठरवून मार खायचा, ठरवून पाडायचं, म्हणजे नुराच की, असं आण्णाचं म्हणणं! पुढं वस्ताद गेले, आण्णा स्वतः वस्ताद झाला, नुरा खेळली म्हणून त्यानं पोरं हाकलली. मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

"वहिनीला काय वाटतंय ते ठाऊक होतं त्याला?" मी विचारलं.

"व्हय. म्हणायचा, तिचा राग निवंल कवातरी. तालमीत कळलं तर ते न्हाय निवायचं."

मला असा संताप आला म्हणून सांगू! गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण बाईच्या नादाला लागला हा संशय ह्या बाबाला चालला, नुरा खेळला हा चालला नाही. धन्य ती तालीम आणि धन्य तो पैलवान. माझा भाऊ सज्जन निघाला याचा आनंद करू का त्याच्या नावानं बोटं मोडू, मला आजही कळत नाही.

वहिनीनं त्या पोरीला जवळ बसवून एकामागून एक भाग लावायला लावले. शेवटच्या भागात ससाण्याला गोळी लागते, तो शेताच्या बांधावर आडवा पडतो आणि चित्र तिथंच थांबतं.

"म्होरं?" वहिनीनं विचारलं.

"पुढं नाही, काकी. इथंच बंद पडली. तो वाचला का मेला, यावर आमची अजून भांडणं होतात."

वहिनीनं त्या थांबलेल्या चित्रावर बोट आपटलं. "उठा की," ती म्हणाली. मग पुन्हा आपटलं, जोरात. "उठा म्हणतो न्हवं! इतकी वर्सं गप बसलो मी. आता भांडायचंय मला तुमच्यासंगं!"

चित्र काही हललं नाही. तेव्हा कुठं वहिनीनं हंबरडा फोडला.