मिठाची खिडकी

आधी चहा घेऊन टाका. हा किस्सा ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणी मला स्वतःच्या घराचं काम देईल असं वाटत नाही, आणि मग उगाच चहा तोंडात फिरत बसेल.

मी डिलाईल रोडच्या चाळीतली. आजोबा गिरणीत होते, बाबा बसवर कंडक्टर, आणि घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. तेही आर्किटेक्चरचं कॉलेज. हा शब्द चाळीत कोणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून सगळे मला इंजिनियरीण म्हणायचे. दोन-चार जणांना फरक समजावून बघितला, मग सोडून दिलं.

स्वप्न साधं होतं. टॉवर नको, मॉल नको. चाळीतल्या लोकांसाठी, त्यांनाच विचारून घरं बांधायची. प्रवेशाच्या मुलाखतीतही मी हेच ठणकावून सांगितलं होतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते शर्ट खुंटीला अडकवत म्हणाले, "लोकांना तिकीट विचारलं तरी चिडतात. तू घराचं काय विचारणार?"

बाबांचं ऐकायला हवं होतं. मी ऐकलं मॅडमचं.

शेवटच्या वर्षाला एक मोठा प्रकल्प असतो. मी विषय घेतला आमचीच चाळ. नवीन बांधली तर कशी असावी, हे दाखवायचं. करंदीकर मॅडम आमच्या मार्गदर्शक. राहायला दादरला, बोलणं एकदम स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. त्या म्हणाल्या, "स्वप्नाली, प्रश्न विचारायचे नाहीत. विचारलं की माणसं सोयीचं उत्तर देतात. आपण नुसतं बघायचं आणि मोजायचं. भिंत कधी खोटं बोलत नाही."

भिंत खोटं बोलत नाही. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

तर एका रविवारी मी टेप घेतली, खडू घेतला आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. पहिली खोली तावडे काकींची. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी आत गेले, भिंतीला टेप लावली आणि दाराच्या चौकटीवर खडूने आकडा टाकला.

"काय गो मोजतस?"

"काही नाही काकी. कॉलेजचं काम आहे."

काकींनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, आणि इतकं गोड हसल्या की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. "होय होय. कॉलेजचाच काम. चाय घेतस?"

आता तुम्हाला आमच्या चाळीची एक गोष्ट माहीत असायला हवी. बिल्डर येणार, चाळ पाडणार, सगळ्यांना फ्लॅट मिळणार, ही बातमी आमच्याकडे दरवर्षी आंब्यासारखी येते आणि आंब्यासारखीच संपते. मागे एकदा खरंच कोणाची तरी माणसं टेप घेऊन आली होती. त्यांनी कारण सांगितलं होतं, गॅसच्या पाइपचं काम आहे. तेव्हापासून चाळीत एक नियम झाला. टेप म्हणजे बिल्डर, आणि टेपवाला जे कारण सांगेल ते सोडून काहीही खरं.

त्यात काकींचा भाचा रे रोडला लाकडाच्या वखारीत. त्याने संध्याकाळी येऊन सांगितलं, की हल्ली खोल्या मोजून घर देत नाहीत, चुली मोजून देतात. एका खोलीत दोन चुली दिसल्या की दोन कुटुंबं, आणि दोन कुटुंबं म्हणजे दोन फ्लॅट. मधे आडोसा मात्र हवा. आडोशाला लागणारं प्लायवुडही त्यानेच आणून दिलं. आता अफवा आधी आली की प्लायवुड, यावर मी काही बोलणार नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी काय बघत होते? पुढच्या रविवारी मधल्या मजल्यावर गेले, तर सावंतांच्या खोलीत मधोमध प्लायवुड. अलीकडे एक शेगडी, पलीकडे एक शेगडी. सावंत म्हणजे दादा आणि बाळा, दोघं भाऊ. एका बादलीत पाणी भरणारे.

माझ्याच्याने राहवेना. "दादा, तुम्ही वेगळे झालात?"

"कधीचेच," दादा सावंत म्हणाले. आवाज जरा मोठाच होता. "तोंड पण बघत नाही एकमेकांचं."

प्लायवुडच्या पलीकडून आवाज आला, "दादा, मीठ दे रे जरा."

दादांनी मिठाची बरणी उचलली, प्लायवुडला वळसा घालून नेऊन दिली, परत आले आणि माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "बोलणं तर बंदच आहे."

तुम्ही म्हणाल, बाई, तू त्याच चाळीत वाढलीस, तुला कळू नये? तीच तर गंमत. आर्किटेक्चरची मुलं पहाटे निघतात आणि घरी फक्त झोपायला येतात. वरच्या मजल्यांवर मी कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. शिवाय मॅडमनी सांगितलं होतं, ओळखीच्या जागेकडे अनोळखी नजरेने बघ. ती नजर मला फारच छान जमली.

पुढच्या खोलीत दोन चुली. त्याच्या पुढच्या खोलीत दोन चुली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे घरोघरी दोन-दोन, आणि दुसरी प्रत्येक ठिकाणी कोरी करकरीत. कोरी का, हा प्रश्न मला पडला नाही. मी ते स्वच्छतेत धरलं.

एका घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात धोतर नेसलेले एक आजोबा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

"आजोबा, तुम्ही इथेच राहता?"

"जल्मापासून."

मग शेजारच्या सुनेकडे वाकून हळूच, "गो बाय, मोरी खंय आसा?"

मी त्याच खोलीत उभी राहून टिपण केलं, की दाटीवाटीमुळे वृद्धांना स्वतःच्या घरातही परकं वाटू लागतं. मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारून शेजारी 'सुंदर' लिहिलं.

आणि मान काय मिळत होता म्हणता. जिन्यावर लोक बाजूला व्हायचे. घरोघरी चहा, कुठे शिरा. काल-परवापर्यंत 'ए स्वप्ने' म्हणणारे 'ताई, बसा' म्हणू लागले. मला वाटलं, शिक्षणाची किंमत अखेर चाळीला कळली.

मी कामाला लागले. माझा सिद्धांत तयार होता. गिरणगावातली माणसं वेगळी होतात, पण तुटत नाहीत. चूल वेगळी, मीठ एक. त्यावर मी अख्खी चाळ नव्याने आखली. प्रत्येक घरात दोन छोटी स्वयंपाकघरं, मधे एक भिंत, आणि भिंतीत बरणी सरकवता येईल अशी खिडकी. तिला नाव दिलं, मिठाची खिडकी. शेवटचा आठवडा तर मी कॉलेजातच होते. मॉडेल तिथेच केलं, मैत्रिणीच्या डब्यात जेवले, घरी गेलेच नाही. आमच्या स्वतःच्या खोलीचं माप राहून गेलं होतं, ते मी डोळ्यांसमोर आणून काढलं. स्वतःचं घर कोण मोजतं?

परीक्षेला बाहेरून पाटणकर सर आले. जन्मभर वस्त्यांमध्ये काम केलेला माणूस. दर वर्षी आमच्या कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला ते आपल्या ऑफिसात घ्यायचे, आणि ते ऑफिस म्हणजे माझं स्वप्न, टेबलखुर्चीसकट. माझ्या मॉडेलसमोर ते बराच वेळ वाकून उभे राहिले. खिडकीतून बोट आरपार घालून बघितलं.

"हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं नाही सर. दिसलं."

"मला ही चाळ बघायचीय," सर म्हणाले. "उद्याच जाऊ. मग तुझ्याशी ऑफिसचं बोलतो."

मॅडमनी माझा हात दाबला. खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात दाराबाहेरची पाटीसुद्धा रंगवून घेतली होती.

ती रात्रही मी मैत्रिणीकडेच काढली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातूनच निघून आम्ही तिघं चाळीत शिरलो. पांढऱ्या केसांचे सर, खांद्याला पर्स लावलेल्या मॅडम आणि हातात नकाशांची गुंडाळी घेतलेली मी. चाळीने एक नजर टाकली आणि ओळखलं, आज खुद्द बिल्डर आला.

तावडे काकी जिन्याच्या तोंडाशी ताट घेऊन उभ्या. सरांना कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि ओवाळता ओवाळता विचारलं, "सायबानु, फूट किती?"

सरांना वाटलं, काकींना त्यांची उंची विचारायचीय. त्यांनी सांगितली. काकींनी ते फ्लॅटचे फूट धरले आणि त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "किती आतिथ्य आहे नाही?" आणि आम्ही सावंतांच्या खोलीकडे निघालो.

सरांनी प्लायवुडवरून प्रेमाने हात फिरवला. माझा नकाशा उलगडला आणि दादा सावंतांना दाखवला. "हे बघा, नव्या घरात तुम्हा दोघा भावांच्या मधे ही खिडकी. मीठ इकडून तिकडे द्यायला."

दादांनी नकाशा नीट बघितला. "खिडकी कशाला साहेब? दोन फ्लॅट मिळाले की आम्ही एकात राहणार, दुसरा भाड्याने देणार. भाडेकरूला मीठ कशाला द्यायचं?"

"कुठले दोन फ्लॅट?"

"दोन चुलींचे. तुमच्याच माणसाने मोजून नेलं ना?"

"माझ्या कुठल्या माणसाने?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने. तुमच्याकडेच लागलीय ना ही? हिच्या बापाने, शांतारामने सांगितलं नाही, पण कळतं हो आम्हाला."

पलीकडून बाळा सावंत म्हणाला, "दादा, नारळ दिला त्यांना?" मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, जे पर्समध्ये नव्हतं.

सर माझ्याकडे वळले. "तू यांना विचारलं नव्हतंस?"

"मोजलं होतं सर."

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मला वाटलं, एक तरी खरं घर यांना दाखवावं. म्हटलं, "सर, आमच्या घरी चला. चहा घेऊ." तळमजल्यावर आले, दार ढकललं.

आमच्या खोलीत मधोमध प्लायवुड.

अलीकडे आई भाकऱ्या थापत होती. पलीकडे कोऱ्या शेगडीसमोर बाबा. ज्यांनी आयुष्यात गॅसला काडी लावली नव्हती, ते खाकी कपड्यांत उभे राहून पातेल्यात पाणी उकळत होते. त्यांनी सरांना नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "साहेब, आम्ही वेगळे राहतो."

"खूप वर्षं झाली," आई प्लायवुडच्या अलीकडून म्हणाली. आणि लगेच, "अहो, गॅस बारीक करा. पाणी उतू जातंय."

सर आधी हसले. मॅडमही हसल्या. मला हसू आलं नाही. लाज वाटली, मग राग आला, आणि मी सरांसमोरच बाबांना म्हणाले, "तुम्ही सुद्धा? तुम्हाला मला विचारता आलं नाही?"

"तू कुठे काय सांगितलंस?" बाबा म्हणाले. "आम्हाला वाटलं, नोकरीची गुप्त गोष्ट असेल, विचारलं तर तुझं नुकसान व्हायचं. म्हटलं, मिळालीच दुसरी खोली तर तुझं टेबल तरी मांडता येईल. इतकी वर्षं जमिनीवर पालथी पडून चित्रं काढतेस. आई तुला ओलांडून मोरीवर जाते."

मी अख्ख्या चाळीला घरं आखून दिली होती, आणि माझं टेबल कुठे मांडायचं हे त्या मॉडेलमध्ये कुठेच नव्हतं. सरांनी चहा घेतला. बाबांनी केलेला, म्हणजे नुसतं गोड गरम पाणी, पण सगळा प्यायले.

मी पास झाले. सरांच्या ऑफिसात दुसरा मुलगा गेला, विमानतळ आखणारा. मॅडमनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, कारण भिंतीचं ते वाक्य त्यांचं होतं. सध्या मी दादरला एका छोट्या ऑफिसात आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या, गळकी छपरं, तुंबलेले पाइप. वाईट काही नाही.

बिल्डर अर्थातच आला नाही. चाळीने माझ्याशी काही दिवस अबोला धरला, मग गणपती जवळ आल्यावर माफ केलं आणि पुन्हा 'ए स्वप्ने' सुरू झालं. प्लायवुड मात्र कोणी काढलं नाही. आणलंय तर असू दे, कपडे वाळत घालायला बरं पडतं. पलीकडे माझं टेबल आलं आणि बाबांची शेगडी राहिली. निवृत्त झाल्यावर ते खरंच स्वयंपाक शिकले. भात चांगला करतात. फक्त मीठ आईकडेच असतं आणि दर वेळी मला उठून द्यावं लागतं.

शेवटी परवा वैतागून मी करवत घेतली आणि प्लायवुडला एक खिडकी पाडली. लोकांसाठी बांधायचं म्हणून निघालेल्या या आर्किटेक्टचं स्वतःच्या चाळीतलं आजवरचं एवढंच पूर्ण झालेलं काम.

आईने बरणी पलीकडे सरकवून बघितली. बातमी वर गेली. संध्याकाळी दादा सावंत खाली आले, खिडकीत हात घालून बघितला, मान डोलावली.

"आमच्याकडे पण काढून दे गो एक."

यावेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, आधी विचारायचं. "दादा, किती मोठी हवी? कशी हवी? तुम्हीच सांगा."

दादांनी जरा विचार केला.

"कशीही काढ," ते म्हणाले. "फक्त मोजू नको."