शिक्का घाटमाथ्यावर होता

१९८४ सालच्या जानेवारीत मुलुंडहून माळशेज घाटाच्या माथ्यापर्यंत एक सायकल शर्यत झाली. स्पर्धक तीन होते. तिघेही एकाच चाळीतले. त्यांतल्या दोघांनी हरायचं, हे आधीच ठरलं होतं. त्या दोघांतला एक मी होतो.

ज्याला जिंकायचं होतं तो घाटकोपरच्या एका कार्यालयात डिस्पॅच विभागात रोजंदारीवर होता. इथे त्याला उमेदवार म्हणतो. त्याचे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झाली नव्हती, आणि घरात कमावणारा तो एकटाच उरला होता. कार्यालयाने खेळाडूंसाठी एक कायमची जागा काढली. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. जागा मिळाली नाही तर मार्चनंतर रोजंदारीही बंद होणार होती.

उमेदवार खेळाडू होता. चाळीच्या गणेशोत्सवात स्लो सायकलिंगचं पहिलं बक्षीस त्याने सलग चार वर्षं घेतलं होतं. या खेळात जो सर्वांत शेवटी रेघ ओलांडतो तो जिंकतो. पाय मात्र जमिनीला लागता कामा नये. उमेदवार सायकलवर जागच्या जागी उभा राहू शकत असे. एका वर्षी तो रेघेपासून हातभर अंतरावर इतका वेळ थांबला होता, की पंच चहा पिऊन आले.

कार्यालयातल्या मोठ्या कारकुनाने चारही प्रशस्तिपत्रकं परत केली. परिपत्रकातल्या खेळांच्या यादीत सायकलिंग होतं, चालणं होतं, गोळाफेक होती. स्लो सायकलिंग नव्हतं. अटी तीन होत्या: स्पर्धेत किमान तीन स्पर्धक हवेत, उमेदवाराचा क्रमांक पहिला हवा, आणि शर्यत संपली त्या ठिकाणच्या सरपंचाची किंवा नगराध्यक्षाची सही व शिक्का हवा.

चाळीच्या मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांचे व्याही माळशेजच्या माथ्यावरच्या एका गावचे सरपंच होते. मंडळाच्या ओळखीत दुसरा कोणीही सरपंच नव्हता. शिक्का तिथे होता, म्हणून शर्यत तिथे न्यायची ठरली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर होतं. त्यावर चर्चा झाली नाही.

दुसरा स्पर्धक टर्नर होता. तो मूळचा परभणीकडचा, मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि रोज ठाण्याच्या पलीकडून वळसा घालून कामावर जायचा, कारण त्याला सायकल चालवायला आवडत असे. तिसरा मी, एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक. मी बातमी देईन असं मंडळाने गृहीत धरलं होतं. स्वतः स्पर्धक असल्यामुळे मी ती दिली नाही.

शनिवारी सकाळी चाळीच्या दारात नारळ फुटला. उमेदवाराची आई पायरीवर उभी होती. ती आमच्याकडे वळली.

"तुमी दोघां वायच मागे रवा रे," ती म्हणाली. "तुमका नोकरी आसा."

तिन्ही सायकली काळ्या, जड, बिनगिअरच्या होत्या. ठाण्यापर्यंत टर्नर आमच्या मागे राहिला. भिवंडीच्या रस्त्याला लागल्यावर तो दिसेनासा झाला. कल्याणच्या अलीकडे एका मोरीवर तो पेरू खात बसलेला सापडला.

"अरे, मागे राहायचं ठरलंय ना?" मी विचारलं.

"मी मागेच होतो यार. पायच ऐकत नाहीत."

शहाडच्या पुलावर, मुरबाडच्या बाजारात आणि सरळगावच्या फाट्यावर हेच घडलं. प्रत्येक वेळी टर्नर आमची वाट बघत होता आणि प्रत्येक वेळी तो माफी मागत होता. उमेदवाराची अडचण उलट होती. उतार आला की तो सवयीने ब्रेक दाबत असे.

संध्याकाळी टोकावड्याच्या मारुतीच्या देवळात मुक्काम केला. गावातले एक म्हातारे येऊन बसले. शर्यत चालू आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "पुढं कोन हाय?"

टर्नरने उमेदवाराकडे बोट दाखवलं. तो सर्वांत शेवटी पोचला होता आणि पोटऱ्यांना तेल चोळत होता.

"ह्यो? ह्यो तर आत्ता आला."

"हळूहळू पुढे जातोय, बाबा," टर्नर म्हणाला.

म्हाताऱ्यांनी नाणेघाटाची माहिती दिली. वैशाखऱ्याच्या पुढून पायवाट चढते, वर दगडी रांजण आहे, जुन्या काळी व्यापारी त्यात जकात टाकून पुढे जात, असं ते म्हणाले. चला, पहाटे दाखवतो, असंही म्हणाले. आम्ही नको म्हटलं. "आपलं काम शिक्क्याचं," असं टर्नरने त्यांना समजावलं. ते समजल्याचं दिसलं नाही.

रविवारी सकाळी घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर उमेदवार सायकलवरून उतरला आणि सायकल ढकलत चालू लागला. पुन्हा चढून बघितलं, पॅडल फिरेना. नियमात चालण्याला मनाई नव्हती. प्रश्न आमचा होता. चालणाऱ्या माणसाच्या मागे, चढावर, सायकलवर बसून राहायचं होतं.

"आम्ही पण उतरतो," टर्नर म्हणाला.

"उतरू नका हां," उमेदवार म्हणाला. "तिघंही चालत गेलो तर सायकलची शर्यत कुठली? शिक्का मिळेल का?"

मग त्याने चालता चालता आम्हाला शिकवायला सुरुवात केली. हँडल किंचित वाकडं ठेवा. मागचा ब्रेक अर्धा दाबा. चाकाकडे बघू नका, लांब बघा. लांब बघितल्यामुळे टर्नर गटारात पडला. उठला, पुन्हा बसला. उमेदवार वळून म्हणाला, "छान जमतंय. घाई करू नकोस."

कल्याणकडून आलेली एसटी आमच्या मागे अडकली. ड्रायव्हरने बराच वेळ हॉर्न दिला आणि शेवटी खिडकीतून डोकं काढलं.

"सर्कस हाय का रं?"

"शर्यत आहे," मी सांगितलं.

"मंग पुढं व्हा की!"

"पुढे जाता येत नाही."

त्याने कंडक्टरकडे बघितलं. एसटी आम्हाला ओलांडून गेली तेव्हा एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. चालणाऱ्यासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बोगदा पार झाल्यावर माथा दिसला. रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारली होती. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. शाळेचं लेझीम पथक होतं. मधोमध सरपंच, बगलेत शिक्क्याची पेटी घेऊन.

रेघेपासून पन्नास पावलांवर उमेदवार थांबला. निदान शेवट तरी सायकलवर व्हावा, असं त्याला वाटलं. रस्ता तिथे सपाट होता. तो चढला आणि चांगला चालवू लागला. आम्ही त्याच्या मागे होतो. लेझीम सुरू झाली.

त्याने समोर पांढरी रेघ पाहिली, दोन्ही बाजूंना माणसं पाहिली आणि रेघेपासून हातभर अंतरावर तो थांबला. हँडल किंचित वाकडं, मागचा ब्रेक दाबलेला, नजर लांब. पाय पॅडलवर.

लेझीम बंद पडली.

"अरे जा ना!" मी मागून ओरडलो.

"थांब रे," तो म्हणाला. "अजून तुम्ही मागे आहात."

टर्नर त्याच्या बाजूला आला. तो चाकाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. त्याचा तोल गेला, तो वाचवायला त्याने पॅडल मारलं आणि रेघ ओलांडली. त्याला धरायला मी हात पुढे केला आणि मीही ओलांडली. गावाने ढोल वाजवला. त्यानंतर उमेदवाराने पाय टेकला आणि सायकल हातात धरून तो चालत रेघेपलीकडे आला.

सरपंचांच्या ओसरीवर चहा झाला. अध्यक्षांनी दिलेली चिठ्ठी मी त्यांना दिली. त्यात कोणाला पहिला लिहायचं ते होतं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून परत दिली.

"पाव्हणं, व्याह्यांना रामराम सांगा," ते म्हणाले. "पर शिक्का गावाचा हाय. गावानं बघितलं त्येच ल्ह्येनार."

उमेदवार कपाळाला हात लावून बसला होता. टर्नरने सरपंचांचे पाय धरले. "साहेब, मी पडलो हो. पडणाऱ्याला पहिला कसा करता?"

"चाक पडलं का पल्याड? पडलं. झालं मंग." मग ते उमेदवाराकडे वळले. "तुम्ही चालत आला न्हवं? समदा घाट?"

"हो."

"एसटीवाला सांगून ग्येला. एक जन चालतोय, दोघं त्येच्या मागं पडत्यात, म्हनला."

त्यांनी पेटी उघडली आणि मंडळाच्या छापील कागदावर सावकाश लिहिलं. सायकलिंगमध्ये टर्नर पहिला, मी दुसरा. खाली वेगळ्या ओळीत: तिसरे स्पर्धक संपूर्ण घाट चालत आले, हे ग्रामस्थांनी व एसटी चालकाने पाहिले, चालण्यात त्यांच्या पुढे कोणी नव्हते, सबब चालण्यात प्रथम. सही केली. शिक्का मारला. पहिला नीट उमटला नाही म्हणून शेजारी दुसरा मारला.

परत येताना आम्ही सायकली एसटीच्या टपावर टाकल्या. चाळीत मंडळाने टर्नरला पहिल्या बक्षिसाचं ठरलेलं स्टीलचं पातेलं दिलं. त्याने ते उमेदवाराच्या आईला नेऊन दिलं. तिने ते घेतलं आणि ती त्याच्याशी काही दिवस बोलली नाही.

अर्ज महिनाअखेरच्या आदल्या दिवशी गेला. मोठ्या कारकुनाने कागद तपासला. स्पर्धक तीन होते. क्रमांक पहिला होता. खेळ यादीत होता. शिक्के दोन होते. त्याने चारही ठिकाणी बरोबरची खूण केली.

एप्रिलमध्ये उमेदवार कायम झाला. पुढच्या हिवाळ्यात कार्यालयाने त्याला चालण्याच्या स्पर्धेला पाठवलं. तो शेवटून दुसरा आला. त्याच्या सेवापुस्तकात खेळाच्या रकान्यात 'चालणे (घाट)' अशी नोंद आहे. ती मी स्वतः पाहिली आहे.